मत टाकलं, पण मोजलं कोणी?



परवा गट कार्यालयात निवडणुकीची गोष्ट निघाली. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, मत टाकलं की आपलं काम संपलं. पुढचं पुढारी बघत्यात." मी विचारले, "तात्या, गाडी भरून दिली की तुमचं काम संपतं का? मग वजनाला पोराला काट्यावर कशाला धाडता?" तात्या हसले. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून हे चार शब्द.

फिलिपाईन्स हाही ऊस पिकवणारा देश. तेथील नेग्रोस बेट तर साखरेवरच जगते. त्या देशात १९७२ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. पुढे निवडणुका झाल्या, पण त्यांच्यावरचा लोकांचा भरवसा उडाला होता. १९८३ साली विरोधी नेते बेनिग्नो आक्विनो यांचा मनिला विमानतळावर खून झाला. त्याच वर्षी काही नागरिकांनी 'नामफ्रेल' ही संघटना उभी केली. कोणाला मत द्या हे ती सांगत नसे. मतदाराला त्याचा हक्क समजावून सांगणे आणि मोजणी होईपर्यंत केंद्रावर बसून राहणे, एवढेच तिचे काम.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मार्कोस यांच्याविरुद्ध आक्विनो यांच्या पत्नी कोराझोन उभ्या राहिल्या. नामफ्रेलचे सुमारे ५ लाख स्वयंसेवक कामाला लागले. त्यात विद्यार्थी होते, जोगिणी होत्या, नोकरदार होते. मते केंद्रावरच हाताने मोजली जात. स्वयंसेवक आकडे उतरवून पुढे पाठवीत आणि मनिलातल्या एका शाळेच्या सभागृहात फलकावर सर्वांदेखत बेरीज मांडली जाई. काही ठिकाणी पेट्या पळवल्या गेल्या, माणसांना मारहाण झाली. तरी पेटीभोवती हातात हात धरून माणसे उभी राहिली.

सरकारी मोजणीत मार्कोस पुढे, नामफ्रेलच्या मोजणीत कोराझोनबाई पुढे! ९ फेब्रुवारीला सरकारी मोजणीतले ३० हून अधिक संगणक कर्मचारीच आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडून बाहेर पडले. तरीही १५ तारखेला मार्कोस विजयी जाहीर झाले. मग लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि २५ तारखेला मार्कोस यांना देश सोडावा लागला. नुसत्या आकड्यांनी राज्य गेले असे मी म्हणत नाही. सैन्यात फूट पडली होती, चर्चनेही लोकांना हाक दिली होती. पण लोकांजवळ स्वतःची मोजणी नसती, तर खोट्याला खोटे म्हणायला आधार कसला?

एक गोष्ट मात्र नामफ्रेललाही साधली नाही. मतदानादिवशी असंख्य लोकांना यादीत आपले नावच सापडले नाही. त्या दिवशी कितीही राखण केली तरी यादीतली चूक निस्तरत नाही. लागणच चुकली तर तोडणीच्या वेळी काय करणार?

मी नोकरमाणूस. मत कोणाला द्यावे हे सांगणे माझे काम नाही. पण कारखान्याची प्रारूप मतदार यादी लागते, हरकतींना मुदत असते, तेव्हा कितीजण ती वाचतात? वडील वारून वर्षे लोटली तरी शेअर वारसाच्या नावे केलेला नाही, अशी घरे प्रत्येक गटात आहेत. मग मतदानादिवशी आरडाओरडा करून काय उपयोग? विधानसभा-लोकसभेला केंद्रावरच्या प्रतिनिधीला झालेल्या मतांचा '१७ सी' नमुना सही करून मिळतो. आपल्या गावचा प्रतिनिधी तो मागून घेतो का, की चहाला गेलेला असतो?

कोणी म्हणेल, अशी राखण म्हणजे अविश्वास. मला तसे वाटत नाही. शेतकरी शेजारी उभा असला की सचोटीच्या काटेवाल्याला उलट बरेच वाटते, कारण उद्या त्याच्यावर आळ येत नाही.

तेव्हा तात्या, वजनाची पावती जशी जपून ठेवता, तसेच मताचेही वजन होईपर्यंत काट्यावर थांबा.

आपला,
ऊस विकास अधिकारी