पार्कमधलं जेवणाचं पॅकेज: घ्यावं की नाही?



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. मुलांना वॉटर पार्कला जायचं असतं. पूर्वी जालन्याहून असं कुठे जायचं म्हणजे दोन दिवसांची सोय लागायची. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि शिर्डी आपल्याला अंगणासारखी झाली. सकाळी निघायचं, वेट एन जॉय किंवा साई तीर्थ करायचं, रात्री घरी. थोडी मोठी सहल काढणारे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात. ते २०१३ मध्ये सुरू झालं.

तिकीट काढताना मोबाईलवर आणखी एक चौकोन समोर येतो: जेवण आताच जोडा, इतके रुपये वाचवा. दुपारचं जेवण, संध्याकाळचा नाश्ता, एखादं पेय, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे. घरातले पुरुष म्हणतात, "घेऊन टाक, कटकट मिटेल." बोट मात्र आपलं असतं, आणि नंतर "कोण काय खाणार" हा प्रश्नही आपल्याच वाट्याला येतो. म्हणून माझं मत सविस्तर लिहिते.

आधी हिशोब करू. पुढचे आकडे कोणत्याही पार्कचे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. मोठ्या माणसाचं पॅकेज ५०० रुपये, मुलाचं ३५०. काउंटरवर सुटं घेतलं तर मोठ्यांचं जेवण ३००, नाश्ता १५०, पेय ८०, म्हणजे ५३०. मुलांचं जेवण २२०, नाश्ता १२०, पेय ६०, म्हणजे ४००. घरात सासू-सासरे, आपण दोघं आणि दोन मुलं. सहा जणांचं पॅकेज २७०० रुपयांना पडतं, सुटं घेतलं तर २९२०. २२० रुपये वाचले. जाहिरात खरी आहे, खोटं काहीच नाही.

पण हा हिशोब सहाही जण सगळंच्या सगळं खातील असं धरून केलेला आहे. आपल्या घरात तसं होतं का? सासूबाईंचा वर्षीतप सुरू आहे आणि सहलीचा दिवस नेमका उपवासाचा आहे, त्या काहीच घेणार नाहीत. सासरे फक्त दुपारी जेवणार. आपण दोघं जेवू, लिंबूपाणी घेऊ, पण नाश्त्यात समोसा आणि फ्रेंच फ्राईज, म्हणजे बटाटा, तो आपण घेणार नाही. मुलं सगळं खातील असं धरू. आता सुटा खर्च: सासऱ्यांचे ३००, आपल्या दोघांचे ७६०, मुलांचे ८००. एकूण १८६०. पॅकेज २७०० चं. "वाचवा" म्हणणाऱ्या चौकोनाने आपले ८४० रुपये जास्त घेतले असते.

फक्त मुलांचं पॅकेज घेतलं आणि मोठ्यांचं सुटं ठेवलं, तर ७०० अधिक १०६०, म्हणजे १७६०. सगळ्यांत स्वस्त हेच. म्हणून "पॅकेज घ्यायचं का" असा प्रश्न न विचारता "पॅकेज कोणाकोणाचं घ्यायचं" असा विचारा. पार्क माणसागणिक वेगळं पॅकेज देत असेल, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत त्यांना हे माहीत असेल. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्येही असं जेवणाचं पॅकेज २००५ पासून होतं. कोरोनात ते बंद पडलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा आलं, तेव्हा मोठ्या माणसाला एका रात्रीमागे साधं पॅकेज ५७ डॉलरचं आणि मोठं ९४ डॉलरचं होतं. तिथली अट अशी की एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच पॅकेज घ्यायचं. तिथल्या बायकाही आपल्यासारख्याच वहीत हिशोब मांडतात. एकासनं करणारी आजी सोबत असेल तर तो हिशोब तिकडेही बिघडतोच.

हे झालं पैशाचं. मला जास्त काळजी ताटाची वाटते.

मेनूवर हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की मांस, मासे, अंडं नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं याबद्दल तो काहीच सांगत नाही. मधसुद्धा हिरव्या ठिपक्यात बसतो. म्हणजे सरकारच्या दृष्टीने शाकाहारी असलेलं ताट आपल्या दृष्टीने अभक्ष्य असू शकतं, आणि त्यात विकणाऱ्याची काही चूक नसते.

"जैन" या पाटीचंही तसंच. बऱ्याच काउंटरवर जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, एवढंच समजतात. पावभाजीत बटाटा असतोच. आपण घरी कच्च्या केळ्याची करतो, त्यांना ते सुचत नाही. पिझ्झाचा सॉस आधीच बनवून ठेवलेला असतो, त्यात लसूण. कंदमूळ वगळलं तरी तळणीची कढई तीच. दहीवडा समोर आला तर द्विदळाचा प्रश्न. आणि पाणी उकळलेलं कुठून मिळणार?

सुटं घेत असलो तर आपण काउंटरवर विचारतो, पटलं नाही तर पुढे जातो. पैसे आधी भरलेले असले की विचारणं अवघड होतं. ताट वाढलेलं असतं, मागे रांग असते, मुलं भुकेली असतात. घरातलंच कोणीतरी म्हणतं, "एक दिवस चालतं गं, पैसे भरलेत." माझा खरा आक्षेप या वाक्यावर आहे. नियम मोडायचा की नाही हे ज्याने त्याने आपल्या भावाने ठरवावं. तो पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मोडला जावा, हे मला पटत नाही. सात वर्षांच्या मुलाने आपणहून कंदमूळ सोडलेलं असतं, महाराजसाहेबांसमोर हात जोडून पच्चक्खाण घेतलेलं असतं. त्याला आपणच ३५० रुपयांसाठी सांगायचं, की आज खा? मग तो यातून शिकेल की नियमाला किंमत असते आणि ती आपल्या आईने ३५० ठरवली.

दुसरी गोष्ट वेळेची. चौविहार करणाऱ्यांनी पॅकेजमधल्या वेळा नीट वाचाव्यात. आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्यास्त होतो, मे महिन्यात सातच्या आत. दिवाळीनंतरच्या सहलीत संध्याकाळचा नाश्ता साडेपाचला मिळणार असेल आणि रांग वीस मिनिटांची असेल, तर तो नाश्ता तुमच्यासाठी नाहीच असं धरा. त्याचे पैसे मात्र पॅकेजमध्ये आहेत.

तिसरी गोष्ट उणोदरीची. आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर लगेच उणोदरी येते. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं हेही तपच आहे. पॅकेजचं, त्यातही "हवं तेवढं खा" वाल्या बुफेचं, मन नेमकं उलट चालतं. पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून भूक नसताना वाढून घ्यायचं आणि मग टाकायचं. घरी आपण थाळी धुऊन पितो, उष्टं राहू देत नाही, कारण त्यात अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीव उपजतात असं लहानपणापासून ऐकलंय. तीच आपण पार्कच्या टेबलावर अर्धवट खाल्लेल्या ताटांचा ढीग सोडून उठतो. तुम्ही पॅकेज घेतलंच, तर मुलांना आधीच सांगून ठेवा: "भरलेले पैसे गेले, ते आता परत येत नाहीत. पोटाला हवं तेवढंच घ्यायचं."

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. पॅकेज नको म्हटलं की घरातली बाई पहाटे तीनला उठून ठेपले लाटायला बसते. सगळे पाण्यात खेळतात आणि ती डब्यांची राखण करते. सहल सगळ्यांची आणि सुट्टी मात्र तिला नाही. आपल्या लेखांतून सारखं "घरचं न्या, घरचं न्या" सांगितलं जातं, त्यात तिच्या झोपेचा हिशोब कोणी धरत नाही. म्हणून मी म्हणते, पॅकेजमधून तुम्हाला खरंच विश्रांती मिळत असेल, तर शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी ते वाया गेले नाहीत. ज्या घरात चारच माणसं आहेत, कांदा-लसणापलीकडे कडक नियम नाहीत, आणि पार्कने जैन ताटाची खात्री दिली आहे, त्यांनी खुशाल पॅकेज घ्यावं. कोणी नावं ठेवू नयेत.

बाकीच्यांसाठी मधला रस्ता आहे. ठेपले आदल्या संध्याकाळी दिवस असताना करून ठेवा, किंवा खाकरे, चिवडा आणि सुखडी विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. नवकारशी झाल्यावर गाडीत पोटभर न्याहारी करा. समृद्धीवर खाण्याची ठिकाणं तुरळक आहेत, तिथे आपल्या नियमाचं मिळेल या भरवशावर राहू नका. पार्कमधून बाहेर पडलं की सूर्यास्ताआधी गाडीतच चौविहार उरकता येईल एवढं डब्यात उरू द्या. मधे प्रश्न राहतो तो फक्त दुपारच्या एका जेवणाचा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, ही सगळीकडची तक्रार. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांबाबत निकाल दिला की बाहेरचं खाणं अडवण्याचा मालकाला अधिकार आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांचं खाणं आई-वडिलांना नेऊ द्यायला हवं. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, म्हणून पार्कच्या दारात त्यावरून भांडत बसू नका. आधीच फोन करून विचारा. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर मागा. एवढं विचारलंत तरी पुरे:

– जैन ताटात बटाटा, गाजर, आलं असतं का? की फक्त कांदा-लसूण नसतो?
– जेवण आणि नाश्त्याची नेमकी वेळ काय?
– उपवासाला असलेल्या माणसाचं पॅकेज वगळता येतं का?
– उकळलेल्या पाण्याचा थर्मास, औषधं आणि लहान मुलांचं खाणं आत नेता येतं का?
– एकदा बाहेर पडून गाडीत जेवून परत आत येता येतं का?
– जैन ताट मिळालं नाही तर पैसे परत मिळतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी असेल आणि तरी पैसे मिळाले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. कबूल केलेली सेवा न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीची गोष्ट आहे. आपण बायका "जाऊ दे" म्हणून सोडून देतो, म्हणूनच कोणी आपल्याला विचारत नाही.

महिला मंडळाची किंवा पाठशाळेच्या मुलांची सहल असेल, तर तयार पॅकेज मुळीच घेऊ नका. चाळीस-पन्नास माणसं असली की बोलणी करायची ताकद आपल्या हातात येते. एक साधं ताट ठरवून घ्या: फुलके, भाजी, डाळ, भात, कंदमूळ नाही, वेळ दुपारी बाराची. माणसं मोजून पैसे द्या. हे काही नवीन नाही. पालिताण्याला किंवा शिखरजीला भोजनशाळेत आपण कूपन घेऊनच जेवतो. तेही आधी पैसे भरलेलं जेवणच. पण तिथे काय शिजतं आणि किती वाजता बंद होतं, हे आपल्या नियमाप्रमाणे ठरलेलं असतं. म्हणूनच त्या कूपनाचा कधी पश्चात्ताप होत नाही.

शाळेच्या सहलीत तर मुलाच्या हातात काहीच नसतं. जेवणाचे पैसे सहलीच्या फीमध्येच धरलेले असतात. वर्गशिक्षिकेला आधी भेटा, मुलाच्या पिशवीत खाकरे-ठेपले द्या, आणि त्याने ताट परत केलं तर पैशावरून त्याला बोलू नका.

पार्क चालवणाऱ्यांकडेही माझी एक मागणी आहे. जालन्याहून मुंबईला ३० डिसेंबर २०२३ रोजी वंदे भारत सुरू झाली. तिचं तिकीट काढताना "जेवण नको" असं निवडता येतं आणि तेवढे पैसे कमी होतात. रेल्वेला जमतं ते पार्कला का जमू नये? माणसागणिक निवड द्या, आणि जैन लिहिलं तर त्यात काय नाही तेही लिहा. महाराष्ट्रातून आणि गुजरातमधून सुट्टीला येणाऱ्यांत आपला समाज काही थोडा नसतो.

तर माझं मत असं: घरात तप, चौविहार किंवा कंदमूळ त्याग करणारी माणसं असतील, तर सगळ्यांचं पॅकेज घेऊ नका. मुलांपुरतं घ्या, तेही लेखी उत्तर मिळाल्यावरच. आणि तो चौकोन दाबण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्या दिवशी तिथी कोणती आहे आणि तुम्ही काय घेणार आहात. सगळ्यांचं लिहून झालं की शेवटी स्वतःलाही विचारा. सहलीला गेल्यावर "मला काही नको, तुम्ही खा" असं म्हणणारी बाई प्रत्येक घरात एक असते. तिचं ताट आधी ठरवा, मग बाकीच्यांचं.

जय जिनेंद्र.