चिखलातल्या पाण्याचं काय लोणचं घालायचंय?

परवा मिसळ खाताना मित्राशी जोरदार वाजलं. विषय? समुद्राचा तळ! सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या पर्वतरांगेत १०,००० चौरस किलोमीटरवर धातूंची सल्फाइडं शोधायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, "आधी तिथल्या गाळात अडकलेलं पाणी नीट तपासा." तो म्हणाला, "भावा, चिखलातल्या पाण्याचं काय लोणचं घालायचंय?"

तर ऐका. गाळाच्या कणांमधलं हे पाणी म्हणजे समुद्रतळाची लॉग फाइल. खाली जाताना सूक्ष्मजीव आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशी पाळी लागते. काय कुठल्या खोलीवर संपलं, यावरून आत काय शिजतंय ते कळतं. पर्वतरांगेजवळ तर गाळाखालच्या बसाल्टमधूनही समुद्राचं पाणी खेळतं. अटलांटिकमधल्या नॉर्थ पाँडला २०११ साली ड्रिलिंग झालं. तिथे खाली जाताना कमी होत गेलेला ऑक्सिजन खडकाजवळ पुन्हा वाढलेला दिसला. म्हणजे खालूनही पुरवठा! नुसता वरचा चिखल बघून हे कळलं असतं का?

मित्र म्हणाला, "गोव्याच्या एनआयओने असला अभ्यास केलाय की." केलाय ना. १९९७ साली मध्य हिंदी महासागरात तळ मुद्दाम ढवळून परिणाम मोजले. पण ते मँगनीजच्या गोट्यांचं मैदान, हे उष्ण झऱ्यांचे डोंगर. तो रिपोर्ट इथे कॉपी-पेस्ट होत नाही.

"अरे, खाणकामाआधीच्या पर्यावरणाची नोंद करणं नियमानेच बंधनकारक आहे." मान्य. पण चेकलिस्टवर टिक मारणं आणि खरंच टेस्टिंग करणं यातला फरक आपल्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायचा? दोन-चार नमुन्यांनी भागणार नाही. झऱ्याजवळ, झऱ्यापासून लांब, वेगवेगळ्या खोलीवर मोजा, आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवा. अजून नुसता शोध चाललाय, खाणकाम नाही. म्हणजे हीच वेळ आहे.

पंचगंगेत मासे मेले की निदान वास येतो, मग आपण मोर्चे काढतो. समुद्राच्या तळाशी वास घ्यायला कोण जाणार? तिथे आधीचे आकडे नसतील, तर नुकसान झालं हे सिद्धसुद्धा करता येणार नाही.

बॅकअप न घेता प्रॉडक्शनला हात लावणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच इथेही म्हणा.

असो. मिसळीचं बिल मात्र मीच दिलं.