पिस्तूल नापास करण्याआधी ते एकदा तपासा तरी!

पोस्ट लांब आहे, पण ज्यांची पोरं नेमबाजीच्या रेंजवर जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचा. काहीजण चिडतील, त्याला इलाज नाही.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला नवीन एअर पिस्तूल आलं. 10 मीटरचं, परदेशी बनावटीचं. दाजींनी सोसायटीचं कर्ज काढलं, ताईच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा कुठं ते जमलं. क्लबच्या जुन्या, मूठ झिजलेल्या पिस्तुलावर पोरगी 60 शॉटमध्ये 545 च्या आसपास मारत होती. नव्यावर पहिल्या आठवड्यात 520 सुद्धा होईना. घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

ती शिकते तिथल्या सरांनी दोन मालिका बघितल्या आणि निकाल दिला, "बॅरलमध्येच फॉल्ट आहे. हे विका, मी वरचं मॉडेल मिळवून देतो." वरचं मॉडेल म्हणजे आणखी साठ-सत्तर हजार. आणि ते विकणार कोण? तेच सर.

मी काही मोठा नेमबाज नाही, राज्य स्पर्धेच्या पुढं कधी गेलो नाही. पण पंधरा वर्षं हेच करतोय. दाजींना म्हटलं, "दाजी, आठ दिवस थांबा. एक रुपया कुणाला देऊ नका."

आधी खोकं उघडलं. चांगल्या कंपनीच्या मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्यात मारलेलं टेस्ट कार्ड येतं. ते खोक्यात तसंच पडून होतं, कुणी बघितलंसुद्धा नव्हतं! पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकात. म्हणजे कारखान्यातून निघताना बॅरल ठीक होतं. मग वाटेत काही झालं का, ते बघायचं राहिलं.

उद्यमनगरातल्या एका मित्राकडून वाईस उचलून आणला. रेंजवाल्यांच्या परवानगीनं सुट्टीच्या दिवशी टेबलाला बसवला. जबड्यांना चामडं लावून पिस्तूल फ्रेमला धरलं, बॅरलला नाही. बॅरल आवळलं की निकालच खोटा येतो. सगळे स्क्रू तपासले, मागच्या साईटचा आणि मुठीचा आधी. मुठीचा स्क्रू अर्धा फेरा ढिला निघाला. मग तीन वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे, प्रत्येकी पाच. डब्यावर 4.49, 4.50 असे आकडे असतात, ती छर्‍याच्या डोक्याची जाडी. प्रत्येक बॅरलला मानवणारा डबा वेगळा असू शकतो. भाचीच्या डब्याचा ग्रुप तिघांत सगळ्यात पसरट आला, तरी तोही दहाच्या वर्तुळात बसला. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं, लक्षात घ्या. बाकी दोन डब्यांनी तर एकच भोक पाडलं.

म्हणजे बॅरलमध्ये फॉल्ट नव्हता. मग गुण जात होते कुठं?

तिचे कार्ड नीट बघितले. उजव्या हाताची पोरगी आणि छर्रे सगळे खाली डावीकडे. वाईसमध्ये मधोमध लागणारं पिस्तूल हातात आल्यावर खाली डावीकडं जात असेल, तर बघायचं हाताकडं. नवी मूठ मोठ्या मापाची होती. पोरीचं बोट ट्रिगरपर्यंत धड पोचत नव्हतं, म्हणून ती टोकानं ओढायची आणि सुटताना मनगट वळायचं. आता हिशेब करा. माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण 35 सेंटीमीटर अंतर धरलं, तर माशी खाचेत 1 मिलिमीटर सरकली की 10 मीटरवर छर्रा 28 मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाचा थेट सात. एका मिलिमीटरला तीन गुण!

ट्रिगर मागं घेतला, मूठ तिच्या हाताच्या मापानं कानशीनं घासली, थोडी पुटी लावली. ट्रिगरचं वजन 500 ग्रॅमच्या वजनानं तपासलं, कारण नियमात त्यापेक्षा हलका चालत नाही. मग दोन आठवडे नुसत्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर सराव. परवा तिनं 548 मारले. खर्च? छर्‍यांचे दोन डबे आणि पुटीचा एक डबा.

आता काहीजण म्हणतील, पिस्तूल कधीच खराब नसतं का? असतं की. रेग्युलेटर बिघडला की वेग कमीजास्त होतो आणि छर्रे उभ्या रेषेत पसरतात. सील गळतं, साईट हलते. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच पोरीनं 2024 ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेतली. बिघाड होतो, हे मी नाकारत नाही. पण बिघाड आहे हे वाईसवर सिद्ध करा, मग वॉरंटीत कंपनीकडं पाठवा. नुसत्या नजरेनं निदान करून दुसऱ्याच्या पाटल्या गहाण टाकायला लावू नका.

माझा राग एका सरांवर नाही. जो शिकवतो तोच विकतो, आणि जो विकतो तोच "हे खराब आहे" म्हणून सांगतो, या पद्धतीवर आहे. प्रशिक्षकानं साहित्य विकायला माझी हरकत नाही, पण त्यात आपल्याला किती सुटतात ते पालकांना तोंडावर सांगावं.

आणि सरकारी क्रीडा खात्याला एकच विचारतो. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या नावाचे फ्लेक्स आपण चौकाचौकांत लावले. त्याच जिल्ह्यातल्या पोरांना पिस्तूल तपासायला वर्कशॉपमधून वाईस उचलून आणावा लागतो, हे बरं दिसतं का? प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजवर एक वाईस, ट्रिगरचं वजन, छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र आणि महिन्यातून एकदा येणारा जाणकार माणूस, एवढंच मागतोय. हे सगळं मिळून एका नव्या पिस्तुलापेक्षा स्वस्त पडेल.

पालकांनो, नवीन पिस्तूल आलं की टेस्ट कार्ड बघा, सिलिंडरवरची तारीख बघा, स्क्रू आवळा, दोन-तीन डबे मारून बघा, मूठ पोराच्या मापाची करून घ्या आणि महिनाभर धीर धरा. कुणी "बॅरल खराब" म्हटलं तर एकच सांगा, "वाईसवर लावून दाखवा."

आमचा वाईस अजून परत दिलेला नाही. कोल्हापूर परिसरात कुणाला तपासून बघायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, एखाद्या रविवारी रेंजवर परवानगी काढून बसू. पैसे लागणार नाहीत, छर्रे आपापले आणा.