समन्वयकाला मुदत हवीच!

"अहो, इथे पगार कोण घेतो? ज्याला काम करायचे आहे त्याला करू द्या की! निवडणुका कसल्या घेता?"

विकिपीडियावर थोडेफार लिहिणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी हमखास टाकतोच. ऐकायला मोठे निर्मळ वाटते. निष्काम कर्मयोगच जणू! निवडणूक म्हटली की राजकारण आले, गटबाजी आली, हेवेदावे आले. त्यापेक्षा जो राबतो त्याच्या हाती सूत्रे राहू द्यावीत, असा एकूण सूर असतो. आणि माना डोलतात.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. पगार नाही म्हणूनच निवडणूक हवी. पगारी माणसाची बदली होते, अठ्ठावन्न की साठ जे काही असेल ते वय झाले की तो निवृत्त होतो, फारच झाले तर त्याला काढताही येते. फुकट काम करणाऱ्याला कोण काढणार? आणि कोणत्या तोंडाने? त्याला 'आता पुरे' असे सांगण्याचा एकच सभ्य मार्ग आहे, आणि तो म्हणजे आधीच ठरवून दिलेली मुदत. मुदत असली की कुणाचा अपमान होत नाही. नसली की मात्र प्रत्येक प्रश्न हा त्या माणसाच्या आजवरच्या कष्टांवरचा अविश्वास ठरतो, आणि मग प्रश्न विचारायलाच कुणी धजत नाही.

ज्यांना विकिपीडियाच्या आतल्या गोष्टी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. तिथे दोन प्रकारचे पुढारी असतात. एक प्रचालक. त्याच्या हाती खरीखुरी हत्यारे असतात. तो लेख वगळू शकतो, पानाला कुलूप घालू शकतो, सदस्याला बंदी करू शकतो. दुसरा समन्वयक. त्याच्याकडे असले काही नसते. एखाद्या गटाचे काम चालू ठेवायचे, याद्या अद्ययावत ठेवायच्या, नव्या माणसाला वाट दाखवायची, एवढेच. म्हणजे एक फौजदार आणि दुसरा लग्नघरातला वाढप्यांचा म्होरक्या म्हणा ना.

गंमत अशी की आपल्या माणसांना निवडणूक अनाठायी वाटते ती ह्या म्होरक्याच्या बाबतीत. पण इंग्रजी विकिपीडियावर 'गिल्ड ऑफ कॉपी एडिटर्स' नावाचा एक गट आहे, त्याचे उदाहरण बघण्यासारखे आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या लेखांची भाषा नीट करणे हे त्यांचे काम. २०१० साली त्यांनी मोहिमा सुरू केल्या तेव्हा 'भाषा सुधारायला हवी' अशी पाटी लागलेले आठ हजारांवर लेख तुंबून पडले होते. एक महिन्याआड एक महिना मोहीम, मधल्या महिन्यात आठवडाभराची छोटी धाड. कुणी किती लेख आणि किती शब्द तपासले त्याची नोंद ठेवायची आणि शेवटी 'बार्नस्टार' नावाचे पदक द्यायचे. पदक म्हणजे काय, तर सदस्याच्या पानावर डकवलेले एक चित्र! पण त्या चित्रासाठी माणसे रात्ररात्र जागतात. (हसू नका. आपल्याकडे नारळ आणि शालीसाठी माणसे काय काय करतात ते आपण पाहतोच.) तुंबलेल्या लेखांचा तो डोंगर काही वर्षांत दोन हजारांच्या खाली आला.

आता ह्या गटाच्या समन्वयकाचे काम काय? मोहिमेचे पान उघडायचे, आकडे तपासायचे, पदके वाटायची, 'आमचा लेख तपासून द्या' अशा विनंत्यांची रांग सांभाळायची. बंदी घालायचा अधिकार नाही की कुलूप लावायचा नाही. एवढ्याशा कामासाठी हा गट दर सहा महिन्यांनी निवडणूक घेतो. जूनमध्ये एक, डिसेंबरमध्ये दुसरी. १ जानेवारी आणि १ जुलै ह्या तारखांना नवे समन्वयक कामाला लागतात. लष्करी इतिहासाच्या लेखांवर काम करणारा त्यांचाच दुसरा गट २००६ पासून समन्वयक निवडत आला आहे, आता वर्षातून एकदा.

ह्यात सगळे आदर्शच आहे असे मी म्हणणार नाही. गिल्डच्या जुन्या नोंदी चाळल्या तर तीच तीच नावे वर्षानुवर्षे दिसतात. मुदत आहे, पण किती वेळा निवडून यावे ह्याला बंधन नाही. तरीसुद्धा फरक पडतो. दर सहा महिन्यांनी त्या माणसाला पुढे येऊन 'मी अजून तयार आहे' असे लिहावे लागते आणि ज्याला थकवा आला असेल त्याला गाजावाजा न करता नाव न देता बसता येते. आपल्याकडे थकलेला माणूस काय करतो? तो पदावरच बसून थकतो.

आम्हा गोवेकरांना खरे तर हे शिकवायला इंग्रजी विकिपीडियाने येण्याची गरज नाही. आमची देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज आमदानीतल्या माझानी नियमावलीवर चालत आली. त्या नियमावलीनुसार अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार ह्यांची समिती म्हाजनांनी तीन वर्षांसाठी निवडायची असते. देवाचे काम, म्हणजे फुकटची सेवाच, तरी मुदत तीन वर्षे! आता ती लोकशाही म्हाजनांच्या यादीपुरती आणि यादी जन्मावर ठरणारी, तेव्हा तिचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. भांडणेही कमी होत नाहीत. पण 'मी इतकी वर्षे पालखी वाहिली म्हणून चावी कायमची माझ्याकडे' असे तिथे निदान कायद्याने तरी म्हणता येत नाही.

विकिपीडियावर मात्र नेमके हेच म्हटले जाते, फक्त शब्द वेगळे. "तुमची संपादने किती?" कुणी नवा माणूस चावडीवर (मराठी विकिपीडियावरच्या चर्चेच्या पानाचे हे नाव मला फार आवडते) काही बोलला की हा प्रश्न आलाच. संपादनांची संख्या ही तिथली जात झाली आहे. स्वल्पविराम टाकला तरी एक संपादन, आणि महिनाभर वाचनालयात बसून केलेला लेख एकाच वेळी चढवला तरी एकच संपादन. ह्या हिशोबाने ज्ञानकोशाचे म्हाजन ठरवायचे?

आता त्या फौजदारांकडे वळू. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकपद एकदा मिळाले की जवळजवळ तहहयात, अशी वीसेक वर्षे रीत होती. गैरवर्तन सिद्ध झाले तरच ते जायचे, नाहीतर माणूस निष्क्रिय झाला म्हणून. शेवटी २०२४ मध्ये त्यांनी परत बोलावण्याची सोय केली. महिन्याभरात २५ अनुभवी सदस्यांनी सह्या केल्या की त्या प्रचालकाने पुन्हा कौल घ्यायचा. जर्मन विकिपीडियावर अशी सोय कितीतरी आधीपासून आहे, आणि स्वीडिश विकिपीडियावर तर पदच एका वर्षाचे, वर्ष संपले की पुन्हा मतदान. सगळ्या विकींवर हात चालवू शकणारे जे स्टुअर्ड असतात, त्यांनाही दरवर्षी लोकांसमोर उभे राहून 'ठेवा की काढा' विचारावे लागते. म्हणजे ज्यांच्या हाती सर्वांत मोठ्या चाव्या, त्यांनाच मुदत आहे!

मुदत नसली की काय होते ते क्रोएशियन विकिपीडियाने दाखवले. प्रचालकांच्या एका टोळक्याने तो ज्ञानकोश जवळजवळ दशकभर ताब्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले गेले, यासेनोव्हात्सच्या छळछावणीचे वर्णन मवाळ झाले, आक्षेप घेणाऱ्यांवर बंदी आली. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा विकिपीडिया वापरू नका असे जाहीरपणे सांगितले, तरी टोळके जागचे हलले नाही. २०२० च्या अखेरीस म्होरक्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने अहवाल छापला. त्या काळात तिथे मतदान होत नव्हते असे नाही. होत होते! पण आत खोटी खाती उघडून मते टाकली जात होती आणि विरोधक आधीच हद्दपार होते. नुसत्या निवडणुकीवर माझा विश्वास नाही तो ह्याचमुळे. निवडणूक हवी, त्याबरोबर गादी रिकामी करण्याची तारीखही हवी.

ह्यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप येतो: "माणसेच कुठे आहेत?" हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. मराठी विकिपीडियावर सुमारे एक लाख लेख आणि नियमित राबणारी माणसे मोजकी. पण माणसे का नाहीत, हेही विचारा ना! आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाचे चिटणीस दोन दशके एकच गृहस्थ होते. भला माणूस, एक पैसा खाल्ला नाही. पण ते आजारी पडले तेव्हा कपाटाची चावी कुठे, सभासदांची वही कुठे, अनुदानाचा अर्ज कसा भरायचा, हे सांगणारा दुसरा कुणी नव्हता. तरुण येत नाहीत म्हणून ते पदावर राहिले की ते राहिले म्हणून तरुण आले नाहीत? मी तरी दुसरेच खरे मानतो. मला स्वतःला तिथे पाच वर्षे खुर्च्या लावण्यापलीकडे काम मिळाले नाही.

शिवाय माणसे कमी असणे हे मुदतीच्या विरुद्ध कारण होऊच शकत नाही. ज्या छोट्या विकींवर मत द्यायला पुरेसे सदस्य नसतात तिथे स्टुअर्ड प्रचालकपद देतात ते मुदतीपुरतेच: तीन महिने, सहा महिने, वर्षभर अशी. गाव जितके लहान तितकी मुदत आखूड. कारण उघड आहे. लहान गावात एका माणसाला विरोध करायला दुसरा उरत नाही. २०२० मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे जे झाले ते आठवा. ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वीस हजारांवर लेख लिहून टाकले होते, तो तिथला प्रचालकही होता, आणि वर्षानुवर्षे कुणी हटकले नाही. मुलाचा हेतू चांगलाच होता हो. हेतूचा प्रश्नच नाही.

आणि आम्हा गोव्यातल्या मराठी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यावर, एखाद्या गावाच्या नावावर, एखाद्या देवळाच्या इतिहासावर मराठीत काय वाक्य राहावे, हे कुणीतरी ठरवणार. आज ज्याचे मत मला पटते तोच तिथे कायम बसावा असे मला क्षणभर वाटूही शकते. पण उद्या त्याच खुर्चीत न पटणारा बसला की मी कुठल्या तोंडाने बोलू?

म्हणून माझी मागणी साधी आहे. समन्वयक असो की प्रचालक, मुदत एक वर्ष. लागोपाठ दोनदा निवडून या, मग एक वर्ष घरी बसा. घरी म्हणजे लेख लिहायला, कारण त्यासाठीच तर आपण इथे आलो होतो! अनुभव वाया जातो म्हणता? तर जाणाऱ्याने शेवटच्या महिन्यात येणाऱ्याला याद्या, साचे, अर्धवट कामे दाखवून द्यावीत. समन्वयकाने काय करायचे ते एका पानावर लिहून ठेवा, आणि ज्या वादात प्रचालक स्वतः पक्षकार आहे त्यात त्याने कुलुपाला हात लावू नये, हेही लिहा. आणि उमेदवार एकच असेल तर? तरीही मतदान घ्या, हो किंवा नाही. चावडीवर तारीख टाका, पंधरा दिवस द्या, आणि पाच जण आले तर पाचांचीच मते मोजा.