विश्लेषण : ‘इथे सुरुंग नाही’ या खात्रीची किंमत किती? युक्रेनमधील सुरुंगमुक्तीची बाजारपेठ कशी चालते?

युद्ध थांबले तरी सुरुंग थांबत नाहीत. युक्रेनमध्ये तर युद्ध सुरू असतानाच शेतजमिनी सुरुंगमुक्त करण्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. त्यात सरकार ग्राहक आहे, कंपन्या बोली लावतात आणि शेतकरी पेरणीची वाट पाहतो. या व्यवहारात सर्वात महत्त्वाचा टप्पा सुरुंग उकरून काढण्याचा नाही. कोणत्या जमिनीत खरोखर धोका आहे, हे ठरवण्याचा आहे.

युक्रेनमधील समस्या किती मोठी?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने पूर्ण आक्रमण केल्यानंतर युक्रेनने सुमारे १ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र ‘संभाव्य धोकादायक’ ठरवले होते. हे क्षेत्र देशाच्या जवळपास ३० टक्के, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक होते. खारकीव्ह, मिकोलाईव्ह, खेरसन हे प्रांत सर्वाधिक बाधित आहेत. त्यात ६ जून २०२३ रोजी काखोव्का धरण फुटले आणि पुराच्या पाण्याने अनेक सुरुंग मूळ जागेवरून वाहून नेले.

जागतिक बँक, युक्रेन सरकार, युरोपीय आयोग व संयुक्त राष्ट्रांच्या संयुक्त मूल्यांकनात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरुंगमुक्तीचा खर्च सुमारे ३५ अब्ज डॉलर मांडला गेला. वर्षभराने तोच अंदाज जवळपास ३० अब्ज डॉलरवर आला.

मग इतके सगळे क्षेत्र सुरुंगांनी भरलेले आहे का?

नाही. ‘संभाव्य’ हा शब्द येथे कळीचा आहे. जिथे लढाई झाली, जिथून सैन्य गेले, असा बहुतेक भाग या आकड्यात धरला होता. प्रत्यक्षात सुरुंग पट्ट्यापट्ट्यांत असतात : खंदकांसमोर, पुलांजवळ, झाडांच्या रांगांलगत. नंतरच्या काळात हा आकडा १ लाख ४० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास उतरला. त्यातील बहुतांश घट सुरुंग काढल्यामुळे झालेली नाही. सर्वेक्षणाअंती ‘येथे धोका नाही’ असे ठरल्यामुळे ती झाली.

धोक्याचे मूल्यांकन नेमके कसे होते?

आंतरराष्ट्रीय सुरुंग कारवाई मानकांनुसार त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली बिगर-तांत्रिक सर्वेक्षणाची. यात पथक धोकादायक जमिनीत पाय ठेवत नाही. गावकऱ्यांशी बोलणे, अपघातांच्या नोंदी पाहणे, लष्करी नकाशे, उपग्रह व ड्रोनची छायाचित्रे तपासणे अशी कामे असतात. प्रत्यक्ष पुरावा (स्फोट झाला, सुरुंग दिसला) आणि अप्रत्यक्ष पुरावा (सुपीक असूनही जमीन कुणी कसत नाही) यांत फरक केला जातो. त्यावरून जमीन ‘संशयित’, ‘निश्चित धोकादायक’ किंवा ‘धोक्याचा पुरावा नाही’ अशा गटांत जाते.

दुसरी पायरी तांत्रिक सर्वेक्षणाची. यंत्रे, प्रशिक्षित कुत्री, धातुशोधक यांच्या साह्याने संशयित जमिनीत मोजक्या वाटा पाडून सुरुंगांचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे, ते शोधले जाते. तिसरी पायरी प्रत्यक्ष निर्मूलनाची. हाताने काम करणारा प्रशिक्षित माणूस दिवसाला फार तर काही डझन चौरस मीटर जमीन तपासू शकतो. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्यांवर जितकी जमीन वगळता येईल, तितका पैसा आणि वेळ वाचतो.

या बाजारात पैसे कोण देतो?

सुरुंगमुक्तीचे काम दीर्घकाळ देणगीदार देश आणि स्वयंसेवी संस्था यांच्यातच चालत होते. १९८८ मध्ये काबूलमध्ये स्थापन झालेली हॅलो ट्रस्ट, माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप, नॉर्वेजियन पीपल्स एड ही त्यातील ठळक नावे. युक्रेनने २०२४ पासून वेगळी वाट धरली. सर्वेक्षणात दूषित ठरलेल्या जमिनीसाठी शेतकरी अर्ज करतो, सरकारी केंद्र ‘प्रोझोरो’ या सार्वजनिक खरेदी प्रणालीवर कामाचा लिलाव पुकारते आणि प्रमाणित कंपन्या बोली लावतात. सर्वात कमी दर देणाऱ्याला काम मिळते. सुरुवातीला खर्चाच्या ८० टक्के रक्कम सरकार देत असे, पुढे संपूर्ण भार सरकारने उचलला. युद्धाआधी मूठभर असलेले प्रमाणित ठेकेदार या काळात शंभराच्या घरात गेले.

तंत्रज्ञान कंपन्याही उतरल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये युक्रेनच्या अर्थव्यवस्था मंत्रालयाने अमेरिकी कंपनी पॅलँटिरशी करार केला. कोणती जमीन आधी तपासावी, हे माहितीच्या विश्लेषणातून ठरवणे हा त्याचा हेतू.

सरकारी योजनेची गरज का पडली?

शेतकरी थांबायला तयार नव्हते. एक हंगाम गेला की कर्जाचे हप्ते, बियाणे, मजुरी सगळेच अडते. काही शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरवर भंगारातील चिलखती पत्रे ठोकले, दूरनियंत्रक बसवले आणि शेत स्वतःच नांगरले. काहींनी विनापरवाना काम करणाऱ्यांना रोख पैसे देऊन जमीन ‘साफ’ करून घेतली. अशा जमिनीला कोणताही दाखला नसतो. पुढे स्फोट झाला तर जबाबदार कोण, याचे उत्तरही नसते. सरकारी योजनेचा एक उद्देश या चोरबाजाराला पर्याय देणे हाही होता.

कमी दराच्या लिलावात धोका कोणता?

स्पर्धेमुळे दर उतरतात आणि तेवढ्याच पैशात अधिक जमीन मोकळी होते, हा फायदा खरा आहे. पण रस्त्याचे काम निकृष्ट झाले तर खड्डे दिसतात. सुरुंग राहून गेला तर तो दिसत नाही. ट्रॅक्टरचे चाक त्यावर गेल्यावरच कळते. म्हणून काम झाल्यावर स्वतंत्र तपासणी आणि नमुना चाचणी अत्यावश्यक ठरते.

दुसरा धोका मोबदल्याच्या रचनेत आहे. ठेकेदाराला पैसे साफ केलेल्या क्षेत्रावर मिळत असतील, तर जास्त जमीन ‘धोकादायक’ ठरण्यातच त्याचा लाभ असतो. सुरुंग नसलेल्या जमिनीवर महिनोन्‌महिने काम होणे हा या क्षेत्राचा जगभरचा जुना अनुभव आहे. आधी सर्वेक्षण, मग निर्मूलन ही पद्धत मानकांमध्ये रुजली ती त्यामुळेच. उलट सर्वेक्षण करणाऱ्यावर ‘लवकर मोकळे करा’ असा दबाव आला, तर चूक जिवावर बेतू शकते. त्यामुळे धोका ठरवणारा आणि त्या धोक्यावर पैसे कमावणारा एकच नसावा, हे सूत्र येथे फार महत्त्वाचे आहे.

‘सुरुंगमुक्त’ दाखला म्हणजे शंभर टक्के हमी का?

नाही. मानकांची भाषा ‘सर्व वाजवी प्रयत्न’ अशी आहे. ठरलेल्या खोलीपर्यंत, ठरलेल्या सीमेत तपासणी झाली एवढेच दाखला सांगतो. त्याहून खोल नांगरट केली तर तो लागू राहीलच असे नाही. उरलेला धोका कुणाचा, हे कायद्यात आधीच ठरलेले असावे लागते. काम नियमांप्रमाणे झाले असेल, तर जमीन हस्तांतरित झाल्यावर उत्तरदायित्व सरकारकडे जावे, ही सर्वमान्य दिशा आहे. असे नसेल तर विमा महागतो, ठेकेदार गरजेपेक्षा जास्त जमीन खणतो आणि खर्च पुन्हा वाढतो.

भारताशी संबंध काय?

युद्धापूर्वी भारताला सूर्यफूल तेल पुरवणाऱ्या देशांत युक्रेन पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ मध्ये आपल्याकडे तेलाच्या डब्याचा भाव वाढला, त्यामागे ही साखळी तुटणे हे एक मोठे कारण होते. तेथील शेते किती लवकर कसली जातात, याचा आपल्या स्वयंपाकघराशी असा थेट संबंध आहे.

सुरुंगांचा अनुभव आपल्यालाही आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मधील ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये पाकिस्तान सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि नंतर ते काढताना लष्कराला जीवितहानी सोसावी लागली. भारत १९९७ च्या ओटावा कराराचा सदस्य नाही. मात्र सुरुंगांच्या वापरावर निर्बंध घालणारा आणि त्यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक करणारा संयुक्त राष्ट्रांचा सुधारित प्रोटोकॉल भारताने स्वीकारला आहे. या नोंदींचे मोल मोठे आहे : सुरुंग पेरतानाचा नकाशा जपलेला असेल, तर वीस वर्षांनी होणारे सर्वेक्षण निम्मे सोपे होते.

पुढे काय?

‘लँडमाइन मॉनिटर’च्या नोंदींनुसार २०२३ मध्ये जगभरात सुरुंग व युद्धातील स्फोटक अवशेषांमुळे ५,७५७ जण ठार वा जखमी झाले. ज्यांची ओळख नोंदली गेली, त्यांत ८४ टक्के सामान्य नागरिक होते. अशा वेळी या कामाचा सर्वात मोठा देणगीदार असलेल्या अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला परकीय मदत गोठवली आणि अनेक देशांतील पथकांचे काम थांबले. त्याच वर्षी पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. युक्रेननेही तीच दिशा धरली. म्हणजे सुरुंग पेरण्यावरची बंधने सैल होत असताना ते शोधण्याचा निधी आटतो आहे.

मोझांबिकने २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला, पण हे काम संपू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. युक्रेनला किती वर्षे लागतील, हे किती यंत्रे विकत घेतली यावर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक ते सर्वेक्षण किती प्रामाणिक होते यावर अवलंबून आहे. कारण शेतकऱ्याला हवे असते ते एकच : ज्या कागदावर विसंबून उद्या आपला मुलगा ट्रॅक्टरवर बसणार आहे, तो कागद खरा असावा.