नंबर द्या, होकार जपून द्या

ईद आणि लग्नसराई जवळ आली, की जळगावच्या सराफ बाजारात काय किंवा धुळ्याच्या कापड दुकानात काय, बिल करताना हमखास विचारतात, "मोबाइल नंबर सांगा." आपणही सांगून टाकतो. मग अम्मीच्या फोनवर ऑफरांचा पाऊस पडतो आणि बँकेचा कामाचा मेसेज त्यात दडून राहतो.

ज्या फोनवर त्रास आहे, त्यावरूनच १९०९ ला इंग्रजीत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य, असा मेसेज करा. तुमचा नकार नोंदला जातो. ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे जाहिरात निघण्यापूर्वी नंबरांची यादी मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेत तपासावी लागते. पीठ चाळावे तसे नकार दिलेले नंबर तिथे गाळले जातात. ओटीपी बंद होईल, ही भीती मात्र नको. व्यवहाराचे मेसेज येतच राहतात. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी 'पी' असेल तर ती जाहिरात, 'टी' असेल तर व्यवहार.

तरी चाळणीला एक भोक आहे. सवलत कार्डाच्या फॉर्मवर बारीक अक्षरांतली खूण करून आपण दुकानाला वेगळी संमती दिली असेल, तर त्याचे मेसेज येऊ शकतात. ही संमती मागे घेता येते, पण मुळात खूण करण्याआधी वाचलेले बरे. नंबरासाठी हट्ट धरू नका, असे केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे. तेव्हा भाभीजान, काउंटरवर विचारायला लाजू नका: "नंबर बिलाला हवा, की जाहिरातीला?"

नकारानंतरही जाहिरात आली, तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करता येते.