लेमोनेडची बाटली आणि फिरकीचा तांब्या

रोटोटुना आणि आसपासच्या वस्त्यांतील आमची कुटुंबे एकत्र जमली की जेवणानंतरच्या गप्पा हमखास बालपणाकडे वळतात. कुणाला अशोक विजयादशमीला आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेली नागपूरची दीक्षाभूमी आठवते. कुणाला ६ डिसेंबरच्या पहाटेचे दादर स्थानक आणि शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या रांगा आठवतात. कुणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील गरम बुंदीची गोष्ट सांगतो, तर कुणी एसटीच्या लाल गाडीतून केलेल्या वेरुळच्या सहलीची आणि परतताना रसवंतीगृहात प्यायलेल्या उसाच्या रसाची. आमच्या आईवडिलांचे उत्पन्न बेताचे होते, पण वर्षातून एकदोन सहली आणि त्या दिवसाचा खाऊ त्यांनी आम्हाला कधी चुकू दिला नाही.

या आठवणी रम्य आहेत आणि त्या तशाच राहाव्यात, असे आम्हाला वाटते. मात्र त्यांतील एका वस्तूकडे आज नव्याने पाहण्याची गरज आहे. ती वस्तू म्हणजे फिरकीचा तांब्या. सहल कुठलीही असो, घरून निघताना आई किंवा आजी तो काठोकाठ भरून घेत असे. सोबत भाकरी, चटणी, उकडलेली अंडी यांचे फडके असे. वाटेत नळ दिसला तरी 'आपले पाणी आपल्याजवळ आहे' हे उत्तर ठरलेले. लहानपणी आम्हाला ती काटकसर वाटे, स्वच्छतेची काळजी वाटे. त्या सवयीमागे पिढ्यांचा अनुभव होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले. परक्या गावात जेवण एक वेळ बरोबर नेता येते. पाणी मात्र मागावे लागते आणि मागणाऱ्याला प्रथम त्याची जात सांगावी लागते, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते.

हा अनुभव बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवला आहे. ते वर्ष १९०१ होते आणि लहानगा भीमराव नऊ वर्षांचा होता. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी कळविले. भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचे दोन मुलगे यांच्यासाठी नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे आली. सातारच्या स्थानकावर थोरल्या भावाने प्रत्येकाच्या हाती खर्चायला दोन आणे ठेवले आणि मुलांनी सर्वप्रथम काय केले असेल? प्रत्येकाने एकेक लेमोनेडची बाटली मागविली.

आमच्या चळवळीच्या इतिहासात या बाटलीची फारशी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी. तो क्षण एका निखळ आनंदी बालकाचा आहे. पुढे मसूरला उतरल्यावर स्थानकप्रमुखाने जात विचारली आणि तो आनंद मावळला. गाडीवाले नकार देऊ लागले. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनी स्वतः बैलगाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. आत्याने बांधून दिलेला डबा भरलेला होता, पण प्यायला स्वच्छ पाणी कुणी दिले नाही. जकात नाक्यावर मुलांनी स्वतःला मुसलमान म्हणवून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. भरल्या डब्याशेजारी चार मुले उपाशी झोपली. दिवसाची सुरुवात लेमोनेडने झाली आणि शेवट पाण्याच्या घोटावाचून झाला.

याच लेखनात दुसऱ्या एका सहलीची हकीकत आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरुळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने माखलेल्या काहींनी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले, एवढ्यावरून जमाव चालून आला. पुढे किल्ला पाहायला मिळाला तो एका सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात. आत कुठेही पाण्याला स्पर्श होऊ नये, यासाठी तो पहारा होता. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलून आले होते. आम्ही ज्या वेरुळच्या सहलीत पेरू आणि सीताफळे खाल्ली, ती याच दौलताबादवरून जाणाऱ्या रस्त्याने.

या दोन सहलींच्या मध्ये २० मार्च १९२७ उभा आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. न्यायालयीन लढा १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी आणि रस्ते यांची नावे घेऊन भेदभावास मनाई करण्यात आली. एखाद्या राष्ट्राच्या संविधानात उपाहारगृह आणि विहीर यांचा उल्लेख का करावा लागतो, हे ज्याला कळले, त्याला आमच्या बालपणीच्या उसाच्या रसाची किंमतही कळली.

आता प्रश्न आमच्या मुलांचा आहे. येथे त्यांना होकी-पोकी आईस्क्रीम मिळते, रॅगलनचा काळ्या वाळूचा किनारा मिळतो, ग्रंथालय आणि पोहण्याचा तलाव मिळतो. त्यांना जात कुणी विचारत नाही, मग जुने दुःख त्यांच्या ताटात कशाला वाढायचे, असे आमच्यातील काही पालक म्हणतात. दुसरीकडे काही ज्येष्ठांना वाटते, की आमचे कार्यक्रम गंभीरच असावेत. सहल आणि खाऊ यांनी चळवळीचे गांभीर्य कमी होते. आम्ही दोन्ही मतांचा आदर करतो, परंतु दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. न सांगितलेला इतिहास आडनावाची चौकशी करणाऱ्या एखाद्या मेळाव्यात अचानक समोर येतो आणि तेव्हा मूल एकटे असते. केवळ दुःखाची उजळणी ऐकत वाढलेले मूल मात्र मोठेपणी आपल्या सभागृहाकडे फिरकत नाही.

शिवाय, ही गोष्ट केवळ दूरच्या देशाची नाही. हॅमिल्टन आणि ऑकलंड यांच्या दरम्यानच्या पुकेकोहे गावात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपटगृहातील वरच्या जागा माओरींना मिळत नसत, केस कापणारे त्यांना नाकारीत. याच गावात १९२६ साली चिनी आणि भारतीय शेतकऱ्यांच्या विरोधात 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली होती. १९५९ साली डॉ. हेन्री बेनेट या माओरी डॉक्टरांना पापाकुरा येथील एका हॉटेलच्या मद्यगृहात केवळ ते माओरी आहेत म्हणून पेय नाकारण्यात आले. शिकलेल्या माणसालाही पेला नाकारला जातो, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. माओरी शेजाऱ्यांशी आमचे नाते येथे जुळू शकते.

म्हणून आमचे एक नम्र सुचवणे आहे. जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आपण सभागृहात साजरे करतोच. त्यांच्या जोडीला दरवर्षी २० मार्चच्या जवळच्या रविवारी सर्व कुटुंबांनी हॅमिल्टनच्या रोटोरोआ सरोवराकाठी सहलीला जावे. तेव्हा येथे उन्हाळा नुकताच सरलेला असतो आणि हवा प्रसन्न असते. रोटो म्हणजे सरोवर. रोटोटुना या आमच्या वस्तीच्या नावातही ते आहे. भाषणे नकोत. त्रिसरण-पंचशील व्हावे, डबे उघडावेत, मुलांनी मनसोक्त खेळावे. मग एखाद्या आजीने फिरकीच्या तांब्याची, एखाद्या मोठ्या मुलीने लेमोनेडच्या बाटलीची गोष्ट सांगावी. माओरी आणि इतर शेजाऱ्यांना आग्रहाने बोलवावे आणि पाण्याचा पहिला पेला त्यांच्या हाती द्यावा.

नऊ वर्षांच्या भीमरावाची ती सहल अपुरी राहिली. ती आमच्या आईवडिलांनी बुंदीच्या द्रोणाने आणि उसाच्या रसाने आपल्या परीने पुरी करत आणली. आमच्या मुलांना खाऊ तर आपण देतोच. त्या खाऊची गोष्टही देऊ या.

जय भीम.